मागं जायचा बाण आणि अप्पांचं लग्न

हातातला चहा आधी संपवून घ्या बरं. मागच्या वेळी हे सांगताना आमच्या नणंदेला असा ठसका लागला की तिची पाठ थोपटून थोपटून माझाच हात दुखला. आणि हसा खुशाल, मला वाईट वाटत न्हाई. फजिती माझी, चहाही माझा. तुम्ही फक्त ऐकायचं.

तर मी सुमन. लातूरला आमची पिठाची गिरणी आहे, आमचे मालक ती चालवतात. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पण गल्लीच्या माहितीत म्हणाल तर मी पदवीपर्यंत गेलेली! कुणाकडं पाहुणे आले, कुणाचा गॅस संपला, कुणाच्या सुनेनं तोंड फुगवलं, सगळं मला ठाऊक. लोक याला भोचकपणा म्हणतात. मी काळजी म्हणते. शेजाऱ्यानं शेजाऱ्याची काळजी करायची न्हाई, तर काय टीव्हीतल्या बायांची करायची?

आमच्या भिंतीला भिंत लावून शाहीनभाभी राहतात. त्यांचा आसिफ कॉम्प्युटर शिकलेला. पुण्याला नोकरी होती, पण त्याचे अब्बा वारले आणि भाभी एकट्या पडल्या, म्हणून पोरगं परत आलं. इथं त्याला पहिलंच मोठं काम मिळालं ते मंगल कार्यालयाचं. हॉल कधी मोकळा, लग्न कुणाचं, जेवणाची पानं किती, स्वयंपाक काय, हे सगळं कॉम्प्युटरवर दिसेल अशी वेबसाइट करायची. रविवारी कार्यालयाची समिती ती बघणार. पसंत पडली तर औसा आणि उदगीरच्या कार्यालयांचं कामही त्यालाच. न्हाई पडली तर सोमवारी सकाळी पुण्याची गाडी.

भाभी रोज संध्याकाळी भिंतीवरून मला विचारायच्या, "सुमनभाभी, होईल ना हो पोराचं काम?"

"होणार म्हंजे काय! अप्पा हायत ना तिथं," मी म्हणायची.

अप्पा म्हणजे आमच्या समोरचे शिवलिंगअप्पा. निवृत्त मुख्याध्यापक. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती एक मुलगी विजया नांदेडला दिलेली. कपाळाला भस्म, धोतराला कडक इस्त्री, आणि बोलणं असं की समोरचा आपोआप हाताची घडी घालतो. तेच समितीचे सचिव. आसिफचं नशीब त्यांच्या सहीवर.

आता मंगळवारची दुपार. मी धपाटे केले होते. चार धपाटे ताटलीत घातले, वर दही, आणि गेले भाभींकडं. भाभी बाजारात. आसिफ मागच्या अंगणात फोनवर मोठमोठ्यानं बोलून राहिलेला. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर चालू, आणि त्याच्यापुढं कुणीच न्हाई.

तुम्ही असता तर ताटली ठेवून परत आला असता? खरं सांगा!

मी नुसतं वाकून बघितलं. पडद्यावर लिहिलेलं, 'बराच वेळ काही हालचाल नाही. तुम्हाला बाहेर काढण्यात आले आहे. पुन्हा लॉगिन करा.'

मला कसंतरीच झालं. एवढं गुणी पोरगं, आणि त्याला त्याच्याच कॉम्प्युटरनं बाहेर काढलं! आता, माझ्या मुलीनं मला मोबाइल शिकवताना एकच गोष्ट घोकून घेतलेली, "आई, कुठं अडकलीस की मागं जायचा बाण दाब." वर कोपऱ्यात तोच बाण होता. मी दाबला. मदत म्हणून दाबला, आईशप्पथ!

आणि काय सांगू, सगळं पान उघडलं की! जणू दार लावलंच नव्हतं, नुसतं पुढं ओढलेलं.

वर मोठ्या अक्षरात 'विवाह नोंदणी'. त्याखाली, 'वर: श्री. शिवलिंगअप्पा. व्यवसाय: निवृत्त मुख्याध्यापक. पानं: चारशे. गोड पदार्थ: गव्हाची हुग्गी.'

माझ्या हातातली ताटली कलंडली. दही कीबोर्डवर पडता पडता राहिलं.

अप्पा? लग्न? आणि चारशे पानं?

खाली 'वधू' असं लिहिलेलं अर्धंच दिसत होतं. नाव आणखी खाली. पान खाली कसं सरकवायचं ते शोधतच होते, तेवढ्यात मागं आसिफची चप्पल वाजली. मी दिसेल ते बटण दाबलं, पान गेलं, आणि एका उडीत मी खिडकीपाशी.

"काकू, कधी आलात?"

"ही काय, आत्ता ह्या पावली." मग मला राहवलं न्हाई. "आसिफ, तुझ्या त्या साइटीत कुणाकुणाची लग्नं हायत रे?"

तो एकदम गंभीर झाला. "काकू, कार्यालयाची माहिती बाहेर सांगता येत न्हाई."

घ्या! याहून पक्की खूण कोणती पाहिजे? काही नसतं तर पोरगं 'कुणाचंच न्हाई' म्हणालं असतं ना?

घरी आले. मी कुणाला म्हणता कुणाला सांगणार नव्हते. पण ब्लाउज आणायला महानंदाकडं जायचंच होतं. महानंदा आमच्या गल्लीतली शिवणकामवाली. तिच्याकडून मी आधी शप्पथ घेतली, मग सांगितलं.

मशीन थांबवून ती म्हणाली, "तरीच! तरीच अप्पांनी घराला रंग दिला!"

"आणि नवा चष्मा?"

"आणि मिशी बघितली का सुमनताई? परवापर्यंत पांढरी होती!"

"कोण असंल गं ती?"

"उदगीरकडची असंल. हुग्गी ठेवली म्हंजे तिकडचीच."

"मग अप्पा कुणाला बोलून का न्हाई राहिले?"

"विजया नांदेडहून येऊन मोडता घालंल म्हणून! लेकीला बापाचं असलं पटतंय व्हय?"

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. सुपारी फुटेपर्यंत लग्नाचा शब्द कुणी तोंडातून काढत न्हाई. नजर लागते, कुणी आडवं येतं. ज्यांचं घरचं कार्य तेच आधी सांगणार, मग आपण 'अगो बाई, होय का!' म्हणून नव्यानं ऐकायचं. त्यामुळं अप्पांना सरळ विचारायची सोयच न्हाई. पण एवढ्या जुन्या शेजाऱ्याचं लग्न ठरलेलं असताना केळवण न करता बसायचं? आणि आपल्याआधी दुसऱ्या कुणी केलं तर?

बुधवारी सकाळीच मी अप्पांच्या दारात. "अप्पा, आज रात्री आमच्याकडं जेवायला या."

"आज काय विशेष सुमनबाई?"

"विशेष काय असायचं! सहज." आणि मी डोळ्यांनी असं हसले, की ज्याला कळायचं त्याला कळावं.

अप्पा जेवायला आले. मी पुरणपोळी, येळवण्याची आमटी, भजी, सगळं केलं. जेवण झाल्यावर पाटावर बसवून कुंकू लावलं, टॉवेल, टोपी, नारळ हातात दिलं. अप्पा भारावले. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. "सुमनबाई, एवढं कशाला?"

"असू द्या अप्पा. घर कसं आता भरल्यासारखं वाटंल," मी म्हणाले.

आमचे मालक कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेले. नंतर मला म्हणाले, "हे कशाबद्दल होतं?"

"तुम्ही गप बसा. वेळ आली की कळंल."

तीस वर्षांत त्यांनी एकच गोष्ट चांगली शिकून घेतली आहे, ती म्हणजे गप बसणं.

गुरुवारी महानंदानं जेवायला बोलावलं. शुक्रवारी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं. शाहीनभाभींनी टोपलीभर फळं पाठवली, आणि वर अत्तराची कुपी! गल्लीत चढाओढ लागली. अप्पांना टॉवेल तर इतके मिळाले की दुकान टाकलं असतं. आणि गंमत बघा, एकानंही लग्न हा शब्द उच्चारला न्हाई. सगळे नुसते डोळ्यांनी हसून राहिलेले. अप्पांना वाटलं, एवढी वर्षं पोरं शिकवली त्याचं हे प्रेम. ते दिवसेंदिवस टवटवीत दिसायला लागले. आणि ते जसे टवटवीत दिसत, तशी आमची खात्री वाढत जाई!

शनिवारी अप्पा स्वतः घरोघर आले. "उद्या अकराला कार्यालयात समितीसमोर आसिफच्या वेबसाइटीचा कार्यक्रम हाय. तुम्ही सगळ्यांनी माझ्यावर इतकं प्रेम केलं, तर चहाला जरूर या. मला चार शब्द बोलायचे हायत."

चार शब्द! महानंदानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून वण आहे.

रविवारी मी लग्नातलं इरकल नेसले. नव्या नवरीची पहिली ओटी आपणच भरायची म्हणून खण, नारळ, तांदूळ पिशवीत घेतले. मालकांना गिरणी बंद करायला लावून बरोबर नेलं.

कार्यालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या. मोठ्या पडद्यावर आसिफची साइट. पोरगं इस्त्रीचा शर्ट घालून उभं, कपाळावर घाम. भाभी मागच्या रांगेत ओठ हलवत दुआ मागून राहिलेल्या. पुढं समितीचे अध्यक्ष, डाळ मिलवाले अण्णा, पोटावर हात ठेवून बसलेले. आसिफनं हॉल दाखवले, तारखा दाखवल्या. अण्णा मान डोलवत होते. "छान हाय. पोरा, छान केलंस."

मी इकडंतिकडं उदगीरची बाई शोधत होते.

आणि धाडकन दार उघडलं! दारात विजया. हातात बॅग, केस विस्कटलेले, नांदेडहून पहाटेची बस पकडून थेट आलेली.

"बाबा! कुठंय ती?"

अप्पा उठून उभे राहिले. "कोण ती?"

"ती! जिच्याशी तुम्ही लग्न करून राहिलात! सासरी तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई मला!"

अण्णांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं, तो डुबुक आवाजसुद्धा ऐकू आला.

"माझं लग्न?" अप्पा म्हणाले. "विजू, तुला कुणी सांगितलं?"

"महानंदाबाईंच्या बहिणीनं! ती आमच्याच कॉलनीत राहती."

सगळ्यांनी महानंदाकडं बघितलं. आता, मैत्रीण म्हणावी अशी वेळ होती की न्हाई? तर महानंदानं सरळ माझ्याकडं बोट केलं. "मला सुमनताईंनी सांगितलं."

"सुमनबाई?" अप्पांचा आवाज एकदम शाळेतला झाला. माझी आपोआप हाताची घडी झाली.

"अप्पा, तुम्ही घराला रंग दिला..."

"पंधरा वर्षांनी रंग दिला तर माणसाचं लग्न होतं काय?"

"मिशी..."

"मिशी माझी हाय!"

मग मला खरं सांगावंच लागलं. "मी आसिफच्या कॉम्प्युटरवर वाचलं. वर म्हणून तुमचं नाव होतं, चारशे पानं, हुग्गी."

आसिफचा चेहरा पांढराफटक पडला. "काकू, ती खोटी माहिती होती! साइट चालती का बघायला असली नावं भरावी लागतात. मी खिडकीत बसून गल्लीतनं जो जाईल त्याचं नाव टाकलं होतं!" मग तो थबकला. "पण तुम्हाला दिसलं कसं? वेळ संपून ते बंद झालेलं होतं ना?"

"मी मागं जायचा बाण दाबला."

"बस्स, एवढंच?"

"एवढंच."

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. माणूस डाळीचा व्यापारी, खडा कुठं आहे ते बरोबर कळतं त्याला. "म्हंजे वेळ संपली, कुलूप लागलं असं दिसतंय, पण मागं बाण दाबला की आतलं सगळं बाहेर? पोरा, इथं लोकांचे फोन नंबर असणार, घरचे पत्ते असणार. सुपारी फुटायच्या आधी हॉल धरून ठेवणारे लोक असतात. हे चालणार न्हाई."

मागच्या रांगेत भाभींनी पदर तोंडाला लावला. आणि तेव्हा मला कळलं, मी काय करून बसले ते. पोरगं पुण्याला चाललं माझ्या एका बोटामुळं! हसू कुठल्या कुठं पळालं.

मी उठले. "अण्णा, दोष माझा हाय, पोराचा न्हाई. मी दुसऱ्याच्या घरात शिरून..."

"न्हाई काकू," आसिफ म्हणाला. "दोष माझाच हाय. तुम्ही दाबलात ते बरं झालं. उद्या दुसऱ्या कुणी दाबला असता." मग समितीकडं वळला. "अण्णा, वेळ संपली की मी माणसाला बाहेर काढत होतो. पण बघितलेल्या पानाची प्रत कॉम्प्युटर आपल्याजवळ ठेवून देतो. बाण दाबला की कुणाला न विचारता तीच प्रत समोर धरतो. मला त्याला सांगायला पाहिजे होतं, ही प्रत ठेवायचीच न्हाई. कुणी मागं गेलं तरी दर वेळी दारावर विचारून ये, हा माणूस अजून आत हाय का. मला अर्धा तास द्या."

अण्णांनी अप्पांकडं बघितलं. अप्पा रागानं लाल झालेले. पण मास्तर तो मास्तर. चूक कबूल करणाऱ्या पोराला त्यांनी कधी वर्गाबाहेर काढलं नसणार. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "अर्धा तास. सुरू कर."

आसिफ कोपऱ्यात टकटक करत बसला. तो अर्धा तास मला किती मोठा गेला! विजया माझ्याकडं बघत न्हाई, महानंदा माझ्याकडं बघत न्हाई. मालक तेवढे बघत होते, पण गप.

"झालं," आसिफ म्हणाला.

"तपासायचं कुणी?" अण्णांनी विचारलं.

"ह्याच बाईंना बसवा," विजया कडाडली. "ह्यांना दिसलं न्हाई तर दुनियेत कुणालाच दिसणार न्हाई!"

भरल्या सभेत मला कॉम्प्युटरपुढं बसवलं. पडद्यावर तीच ओळ, 'पुन्हा लॉगिन करा.' मी बाण दाबला. तीच ओळ. दहा वेळा दाबला, तीच ओळ. मधल्या बोटानं दाबून बघितला, डाव्या हातानं बघितला. पुढं जायचा बाण दाबून मग मागचा दाबला. आणि खोटं कशाला बोलू, मी अगदी मनापासून प्रयत्न करून राहिले होते, कारण त्या वधूचं नाव काही माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं! शेवटी थकून हात वर केले.

"न्हाई दिसत हो."

टाळ्या वाजल्या. भाभी रडत रडत हसायला लागल्या. विजयासुद्धा जरा निवळली. मी खुर्चीतून उठताना हळूच विचारलं, "आसिफ, आता तसंही ते खोटंच हाय. मग वधू कोण होती रे?"

आसिफ खाली बघायला लागला. "जाऊ द्या काकू. मी पुसून टाकतो."

"पुसायचं न्हाई," अप्पा म्हणाले. "माझं लग्न हाय, मला कळायला पाहिजे. उघड."

सचिवांचाच हुकूम! आसिफनं लॉगिन करून पान उघडलं आणि खाली सरकवलं. मोठ्या पडद्यावर, सगळ्या समितीसमोर, ही एवढाली अक्षरं.

'वधू: सौ. सुमनकाकू. व्यवसाय: चौकशी.'

आसिफ पुटपुटला, "काकू, मी नावं भरत होतो त्या दिवशी अप्पा रंगाचा डबा घेऊन चालले होते. आणि तुम्ही त्यांच्या मागं मागं, 'किती लिटरचा? कुठला रंग? कितीला पडला?' असं विचारत चालला होता. पुढचे ते वर, मागच्या त्या वधू..."

हॉलमध्ये काय हशा पिकला म्हणता! विजया बॅगेवर बसून हसत होती. महानंदानं माझ्याच पिशवीतला खण-नारळ काढून माझ्याच ओटीत घातला. म्हणजे बघा, स्वतःच्या नवरदेवाचं केळवण मी माझ्या नवऱ्याच्या गिरणीच्या पिठावर केलं होतं!

मी घाबरत घाबरत मालकांकडं बघितलं. ते उठले, चष्मा लावला, पडद्याजवळ जाऊन तारखेसकट सगळं नीट वाचलं. आणि चार दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ह्या तारखेला माझ्याकडं दळणाची गर्दी असती. तुम्ही उरकून घ्या."

अप्पांनी मात्र हसू दाबून समितीचं ठरावाचं रजिस्टर पुढं ओढलं, पेनाचं टोपण काढलं, आणि लिहिता लिहिता, शाळेत निकाल वाचायचे त्याच आवाजात वाचून दाखवलं.

"आजच्या बैठकीत सर्वानुमते ठरले. वेबसाइट मंजूर. स्थळ नामंजूर."